एसटीचा कंडक्टर, आठ रंगांत

वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांचं फ्लॅट शैलीतलं, म्हणजे सपाट रंगांच्या साध्या आकारांचं चित्र मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं, त्याची ही कृती. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

फ्लॅट चित्रात सुरकुत्या नसतात, केसांच्या बटा नसतात. मग माणूस ओळखायचा कशावरून? त्याच्या उभं राहण्यावरून आणि अंगावरच्या दोन-तीन वस्तूंवरून. म्हणून संगणक उघडण्याआधी कागदावर पेन्सिलीने उभं राहणं पक्कं करा. वडिलांच्या वेळी धावत्या गाडीत कंडक्टरच्या एका हातात तिकिटांची पेटी असायची, दुसऱ्यात तिकिटाला भोक पाडायचा पंच. आधाराला हात उरायचा नाही, म्हणून तो सीटच्या दांडीला कंबर टेकायचा आणि पाय फाकवायचा. ती टेकलेली कंबर कागदावर उतरली की माझ्या मते अर्धं चित्र झालं.

पान ८०० बाय १००० पिक्सेलचं घ्या. खरा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, मी इथे पाचच धरते: डोकं १४०, माणूस ७००. डोकं मोठं असलं की मोबाईलवरही चेहरा हरवत नाही. डोक्यासाठी लंबवर्तुळ काढा, कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून त्याचा पाथ, म्हणजे बिंदू ओढून बदलता येणारा आकार करा आणि बिंदू हलवायच्या नोड टूलने हनुवटीचा बिंदू थोडा खाली ओढा. डोळे म्हणजे दोन ठिपके. मिशी मात्र मन लावून काढा.

सदऱ्याचा अर्धाच भाग पेन टूलने काढा: कॉलर, खांदा, कंबर. कंट्रोल-डीने त्याची नक्कल करा, एच दाबून उलटवा, शेजारी आणा. दोन्ही अर्धे एकमेकांवर दोन पिक्सेल चढू द्या आणि मगच युनियन करा, म्हणजे दोन्ही जोडून एकच आकार करा, नाहीतर मधोमध केसाएवढी फट राहते. आता हे धड टेकलेल्या बाजूला सहा अंश कलवा. कंट्रोल दाबून फिरवलं तर ते १५ अंशांच्या टप्प्यांनी फिरतं, म्हणून कंट्रोलला हात लावू नका.

हातांसाठी आकार काढत बसू नका. खांदा, कोपर, मनगट असे तीनच बिंदू जोडणारी रेघ काढा, जाडी ४४ ठेवा, टोकं आणि सांधे गोल करा. कोपराचा बिंदू ओढला की हात वाकतो. पेटी धरलेला हात मी दहा-बारा वेळा वाकवून पाहिला, तेव्हा कुठे तो वडिलांचा हात वाटला. बाहीसाठी याच रेघेची नक्कल करा: मनगटाचा बिंदू पुसा, जाडी ५४, टोक सपाट, रंग खाकी.

रंग आठच. कंसातले आकडे लाल, हिरवा, निळा या क्रमाने आहेत. खाकी (१९५, १७६, १४५) आणि तिची सावली (१६०, १३८, १०४), कातडीचा रंग (१५२, ९८, ६२) आणि त्याची सावली (१२२, ७४, ४८), केस, मिशी, बुटांसाठी काळपट तपकिरी, पिशवी आणि पट्ट्याला चामड्याचा रंग, पेटीला राखाडी, तिकिटांच्या गठ्ठ्यांना गुलाबी. सावलीसाठी वर पारदर्शक काळा रंग चढवू नका, खाकी मळकट दिसते.

उजेड खिडकीच्या एकाच बाजूने येतो असं धरा. सदऱ्याची नक्कल करा, तिच्यावर सावलीचा ओबडधोबड आकार काढा, दोन्ही निवडून इंटरसेक्शन करा, म्हणजे दोघांचा सामाईक भागच उरतो. तयार झालेला तुकडा खालच्या आकाराचा, म्हणजे खाकीच रंग घेतो आणि काहीच झालं नाही असं वाटतं. तो तुकडा निवडलेलाच असतो, त्याला सावलीचा रंग द्या.

खांद्यावरून तिरपा येणारा पिशवीचा पट्टा सगळ्यात शेवटी. ती एक रेघ धडाचा कल दाखवते, म्हणून ती पूर्ण सरळ न ठेवता पोटावर किंचित फुगवा. मग सगळं निवडून काळं करा. नुसत्या काळ्या आकारात पेटी, पिशवी आणि टेकलेली कंबर वेगळी कळतेय का बघा. माझ्या पहिल्या चित्रात पेटी छातीसमोर होती, काळ्यात ती गडपच झाली. पेटीचा हात मी बाहेर काढला तेव्हा पोटाशी उजेडाची एक खिडकी उघडली आणि पेटी लांबूनही दिसू लागली.

काळा रंग कंट्रोल-झेडने मागे घ्या. रेघांचे हात भरीव आकारात (स्ट्रोक टू पाथ) बदलणार असाल तर त्याआधी फाईलची एक प्रत वेगळी ठेवा, कारण त्यानंतर कोपर असा वाकत नाही.