पाचोळ्यातलं फुलपाखरू: शोधताना आणि फोटो काढताना या चुका टाळा

माझ्या हार्डडिस्कवर सागाच्या वाळक्या पानाच्या एका तुकड्याचे 23 फोटो आहेत. नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या उतारावर पोटावर पालथं पडून, श्वास रोखून काढलेले. इव्हनिंग ब्राऊन नावाचं फुलपाखरू सापडलं या आनंदात. चोविसाव्या वेळी कोपर लागलं, तुकडा उलटला आणि खाली काहीच नव्हतं. खरं फुलपाखरू मी बॅग आवरताना बुटापासून हातभरावरून उडालं.

वाळक्या पानासारखं फुलपाखरू म्हटलं की बहुतेकांना ऑरेंज ओकलीफ आठवतं. ते बघायचं तर पचमढीची वाट धरा. नागपूरकरांना मात्र एवढ्या लांब जायची गरज नाही. कॉमन इव्हनिंग ब्राऊन, म्हणजे मेलानायटिस लेडा, शहरातच आहे: अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात, सेमिनरी हिल्सवर, बांबूची बेटं आणि दाट गवत असलेल्या कुठल्याही जुन्या आवारात. पंख पसरले तर 6 ते 8 सेंटीमीटर, म्हणजे काही चिमुकलं नाही. अळी गवतावर आणि धानावर वाढते, त्यामुळे भंडारा-गोंदियाच्या बांध्यांमध्येही ते असतंच. तरी ‘मला कधी दिसलंच नाही’ म्हणणारे खूप भेटतात. त्यांच्या चुका साधारण सारख्याच असतात, आणि बहुतेक मी स्वतः करून बसलो आहे.

सकाळी दहाला जाणं

बाकीची फुलपाखरं ऊन चढल्यावर फुलांवर येतात, म्हणून आपण त्याच वेळेला जातो. हे त्या वेळी सावलीत पाचोळ्यात निजलेलं असतं, आणि फुलांकडे सहसा फिरकत नाही. त्याची वेळ संध्याकाळची. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या पुढेमागे सूर्य मावळतो. पाचपासून अंधार पडेपर्यंतचा तासभर धरा. दिवसा जायचंच असेल तर झुडपांखालची, बांबूखालची सावली धुंडाळा.

उडालं की मागे धावणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. दिवसा इव्हनिंग ब्राऊन दिसतं ते उडतानाच. पायाखालून एक पान भिरभिरत उठतं, चार-पाच मीटर वेडंवाकडं जातं आणि धपकन खाली बसतं. आपण लगेच तिकडे पाऊल टाकतो. पाचोळा करकरतो, ते पुन्हा उठतं, या वेळी जरा लांब जातं. तिसऱ्यांदा उठलं की बहुधा झुडपात शिरतं आणि खेळ संपतो.

उडालं की जागच्या जागी थांबा. पायांना काम नाही, काम डोळ्यांना. बसताना शेवटचं कुठे दिसलं ते एखाद्या खुणेला बांधून ठेवा: त्या दगडाच्या डावीकडे, मोडक्या फांदीच्या अलीकडे वीतभर. त्या खुणेवरची नजर न काढता मिनिटभर उभे राहा, मग अर्धं पाऊल टाका आणि पुन्हा थांबा. कॅमेऱ्याच्या सेटिंगकडे एकदा मान वळवली तरी ती जागा हरवते. म्हणून सेटिंग आधीच करून ठेवा. दोघं असाल तर एकाने फक्त खूण धरून उभं राहायचं आणि दुसऱ्याला वाट सांगायची. आमच्या जोडीत हे काम माझ्या मित्राकडे असतं, कारण मला धीर धरवत नाही.

खुणेजवळ पोचल्यावरची दुसरी चूक म्हणजे रंग शोधणं. तपकिरीत तपकिरी शोधून काय मिळणार? आकार शोधा. पाचोळ्यातली पानं बहुतेक आडवी पडलेली असतात. फुलपाखरू पंख मिटून उभं असतं, फार तर थोडं एका अंगावर कललेलं. उभ्याने खाली पाहिलं तर आपल्याला फक्त मिटलेल्या पंखांची कड दिसते, म्हणजे एक काडी. उकिडवे बसा, डोळे गुडघ्याच्या उंचीवर आणा, म्हणजे सगळ्या झोपलेल्या पानांत एकच पान उभं दिसेल. ते पान पुष्कळदा खरंच पान निघेल. तेव्हा दुर्बिणीतून पाय आणि मिशा बघा. पानाला मिशा नसतात, ही गोष्ट मी 23 फोटोंनंतर शिकलो.

पावसाळ्यातल्या चित्रावरून हिवाळ्यात शोधणं

या एकाच जातीची दोन रूपं आहेत. पावसाळी रूपात पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे स्पष्ट ठिपके ओळीने असतात. कोरड्या दिवसांतल्या पिढ्यांत ते जवळजवळ पुसले जातात, पंखांची टोकं जास्त अणकुचीदार होतात, आणि रंग करड्यापासून तांबूस काळ्यापर्यंत काहीही असू शकतो. दोन फुलपाखरं सारखी मिळणं कठीण. कारणही सरळ आहे: पावसाळ्यात हिरवं असतं तेव्हा वाळकं पान होऊन काय साधणार? तेव्हाचे ठिपके पक्ष्याची चोच धडाऐवजी पंखाच्या कडेवर वळवतात असं मानलं जातं. म्हणून पानाचं सोंग बघायचं असेल तर दिवाळीनंतर जा. पीकॉक पॅन्सी या दुसऱ्या फुलपाखराचंही असंच आहे. हिवाळ्यात तिच्या पंखांची खालची बाजू चक्क वाळलेलं पान होते, आणि ती दिवसा उन्हात बसते. सुरुवात तिच्यावर करायलाही हरकत नाही.

आमिष मांडताना घाई

इव्हनिंग ब्राऊन सडक्या फळांवर आणि झाडाच्या पाझरणाऱ्या चिकावर येतं. ताजं केळं ठेवून तासभर वाट पाहणारे मी पाहिले आहेत. केळं शेवटी त्यांनीच खाल्लं. जास्त पिकलेली केळी थोड्या गुळासोबत कुस्करून झाकलेल्या डब्यात दोन-तीन दिवस आंबू द्या. डब्याचं झाकण बसच्या प्रवासात उघडू नका, एवढंच सांगतो. आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात तेव्हा ठेल्यावाल्याकडे डागी संत्री मागितली तर बहुधा फुकट मिळतात. आमिष उघड्यावर, ताटलीत मांडू नका. सावलीत, पाचोळ्याला लागून, पोटरीएवढ्या उंचीवर खोडाला फासा. जमिनीवर ठेवलं तर मुंग्या आधी येतात. काम झालं की उरलेलं उचलून आणा. आणि हे सगळं गावातल्या बागेत, शेतात, ओळखीच्या आवारात, मालकाला विचारून. पेंच-ताडोबात असले उद्योग चालत नाहीत, तिथे गाडीतून उतरायचीच परवानगी नसते.

गुडघे टेकताना न बघणं

ज्या पाचोळ्यात हे फुलपाखरू दिसत नाही, त्याच पाचोळ्यात घोणसही दिसत नाही. पालथं पडण्याआधी काठीने जागा चाळवा, बूट घाला, आणि अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय हात कुठेही टेकू नका. इथे विनोद नाही.

फोटोतल्या चुका

फोकस पुढच्याच पानावर बसतो? कॅमेऱ्याचा दोष नाही, त्यालाही फुलपाखरू दिसत नाही. एकच फोकस बिंदू निवडून तो फुलपाखराच्या डोळ्यावर ठेवा, किंवा मॅन्युअल फोकस करून स्वतः केसभर मागेपुढे व्हा.

अर्धा पंख धूसर येतो, कारण कॅमेरा पंखाला समांतर नसतो. फुलपाखरू कललेलं असेल तर कॅमेराही तितकाच कलवा. समांतर असलात तर अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, एफ 8 पुरतं. नसलात तर एफ 16 नेही पुरं पडत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) 800 ते 1600 ला घाबरू नका, हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो बरा.

गडद पाचोळा पाहून कॅमेरा चित्र उजळवतो आणि पंख फिके पडतात. एक्स्पोजर उणे 0.3 ते उणे 0.7 करा. संध्याकाळच्या सावलीत रंग निळसर येत असतील तर व्हाइट बॅलन्स ‘क्लाउडी’वर ठेवा. समोरून थेट फ्लॅश मारला की पंखावरच्या शिरा सपाट होतात. फ्लॅशवर ट्रेसिंग पेपर लावून उजेड बाजूने द्या. मोबाइलवाल्यांनो, मॅक्रो मोडमध्ये चार बोटांवर जावं लागतं, तुमची सावली पडते आणि ते उडतं. त्यापेक्षा हातभर अंतरावरून 2 पट झूम वापरा.

आता माझा हट्ट. सगळे फ्रेमभर फुलपाखरू घेतात. तसा फोटो सुंदर येतो, पण त्यात सोंग उरत नाही. तपकिरी पार्श्वभूमीवर तपकिरी फुलपाखरू, बस. आधी दोन पावलं मागून आजूबाजूच्या पाचोळ्यासकट एक फोटो घ्या, मगच जवळ जा. मधे येणारी पानं उपटू नका. एडिट करताना कॉन्ट्रास्ट ताणला की फुलपाखरू पाचोळ्यातून उठून दिसतं, आणि इतका खटाटोप केला कशासाठी मग?

काहीच सापडलं नाही तर

काटोलजवळच्या एका संत्र्याच्या बागेत दोन संध्याकाळी मी असा रिकाम्या हाताने बसलो होतो. बागेचे मालक चहा घेऊन आले, मी काय शोधतोय ते मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाले, “हे त पाण्याच्या मोटारीच्या खोलीतल्या बल्बापाशी रोज येते भाऊ. याच्यासाठी पाचोळ्यात लोळून राहिले का?”

गेलो तर चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर, पालीपासून जेमतेम फुटावर, ते बसलेलं. पंख मिटून, जरासं डावीकडे कलून. अर्धा तास नुसतं बघत बसलो: मिशा कुठे दडवतं, पुढचा पंख मागच्याआड कसा ओढून घेतं, उभं राहताना पाय किती आखडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीमागच्या पाचोळ्यात मला तासाभरात दोन सापडली.