स्लिंग बॅग घेताना या चुका टाळा: आपल्याकडे कापड टिकतं, चेन जाते

दाभोळ-धोपावे फेरीबोट सुटायला दोन मिनिटं, मागे चार गाड्या हॉर्न देतायत आणि माझ्या स्लिंग बॅगची चेन उघडेना. तिकिटाचे पैसे आत, फोन आत, गाडीचे कागद आत. शेवटी मागच्या एका दादांनी माझं तिकीट काढलं आणि पलीकडे दाभोळला उतरल्यावर टपरीवर पक्कड मागून ओढली तर चेनवर सरकणाऱ्या रनरचा अर्धा तुकडाच हातात आला. बॅग घेऊन जेमतेम चौदा महिने झालेले, कापडाला एक ओरखडा नव्हता.

मी बचत गटांच्या कामासाठी आठवड्यातून दोन-तीनदा गुहागर-दापोली अशी स्कूटीवर फिरते, त्यामुळे बॅग दिवसभर अंगावरच असते, घाम, पाऊस, जेटीवरचा खारा वारा आणि एप्रिल-मेमधली जांभ्याची लाल धूळ सगळं तीच खाते. ती तुटकी बॅग गावातल्या शिंपीकाकांकडे नेली तर ते म्हणाले, "ताई, कापडाला काय झालेलं नाय, रनर मेलाय. इकडे सगळ्यांच्या बॅगा अशाच येतात माझ्याकडे." तेव्हापासून बॅग बघायची माझी पद्धतच बदलली. ऑनलाइन जे सल्ले वाचतो ते बहुतेक कोरड्या हवेतल्या शहरांसाठी लिहिलेले असतात, किनाऱ्यावर बॅग कशी खराब होते ते वेगळं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

नुसता डेनियर बघून बॅग घेणं

जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं १६८०डी, १०००डी वगैरे. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, एवढंच. धागा जाड आहे हे कळतं, पण विणकाम घट्ट आहे का, आतून कोटिंग कसलं आहे, शिलाईचा दोरा कसला आहे, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. रोजच्या वापराच्या छोट्या बॅगेला ५००डीच्या आसपासचं चांगलं नायलॉन किंवा ६००डी पॉलिस्टर भरपूर झालं. आपण काय ती दगडावर घासत नाही. जाड कापड भिजलं की वाळायलाही वेळ घेतं, आणि जुलैत वाळायला वेळ लागणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

नायलॉन की पॉलिस्टर असं विचाराल तर घासाघाशीत नायलॉन जास्त टिकतं हे खरं, पण ते पाणी जास्त पितं आणि ओलं झालं की थोडं ताणतं. पॉलिस्टर पाणी कमी पितं आणि उन्हातही बरं टिकतं. म्हणून बॅग नायलॉनची असली तरी पट्टा पॉलिस्टरचा मिळाला तर मला जास्त आवडतो, पावसात सैल पडत नाही.

कॅनव्हास आणि चामड्याबद्दल एकच सांगते, दिसायला दोन्ही सुंदर, पण पावसाळ्यात दोन्हीवर बुरा चढतो आणि फिक्या कॅनव्हासवर लाल मातीचा डाग बसला की तो जातच नाही. हौसेला घ्या, रोजच्याला नको.

चेन नीट न बघणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक

धातूचे दात असलेली चेन किनाऱ्यावर घेऊच नका. पितळी दात हिरवट पडतात, अॅल्युमिनियमच्या दातांवर पांढरी पूड धरते आणि मग चेन एकेक दात मोजत सरकते. नायलॉनच्या वेटोळ्याची चेन, जिला कॉइल चेन म्हणतात, ती बरी, कारण दाताला गंज लागायचा प्रश्नच नाही. पण लक्षात घ्या, कॉइल चेनलासुद्धा रनर बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूचाच असतो, वरून रंग दिलेला. तो रंग घासला गेला की खारी हवा आत शिरते, रनरच्या पोटात पांढरा भुगा जमतो आणि तो जागच्या जागी आवळतो. माझ्या बॅगेचं नेमकं हेच झालं होतं. महिनाभर चेन थोडी जड जातेय हे जाणवत होतं आणि मी जोर लावून ओढत राहिले.

चेनला नंबर असतो, ३, ५, ८, १०. बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर. मुख्य कप्प्याला ५ च्या खाली जाऊ नका, ८ मिळाली तर उत्तम. स्वस्त बॅगांत बाहेरची चेन ५ ची आणि आतल्या कप्प्याला ३ ची अशी काटकसर असते, ते चालतं, उलटं मात्र नको. रनर उलटा करून मागे बघितलं की बऱ्याचदा नंबर आणि कंपनीचं नाव कोरलेलं सापडतं. वायकेके ही १९३४ साली जपानात सुरू झालेली कंपनी, तिच्या चेन भरवशाच्या म्हणून ओळखल्या जातात, पण त्या नावाची नक्कलही भरपूर चालते. म्हणून नुसतं नाव वाचून थांबू नका, दुकानात उभं राहून चेन वीस वेळा उघड-बंद करा, बॅगेत काहीतरी कोंबून करा, आणि मुख्य म्हणजे कोपऱ्यावर करा. सरळ रेषेत सगळ्याच चेन छान पळतात, वळणावर खरं कळतं. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

वरून रबरासारखा थर दिलेली चकचकीत 'वॉटरप्रूफ' चेन हल्ली सगळीकडे दिसते. ती शिंतोडे अडवते, पण कडक असते, आणि वळणावर काही काळाने तो थर तडकतो. त्यापेक्षा साधी चेन आणि तिच्यावर कापडाची झडप असलेली बॅग आपल्या पावसात जास्त दिवस जाते असा माझा अनुभव.

कड्या, बक्कल आणि लोहचुंबक

पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथली कडी धातूची आहे का बघा. लोहचुंबक चिकटला तर बहुधा साधं लोखंड, वर्षभरात पट्ट्यावर तपकिरी डाग. नाही चिकटला म्हणून स्टीलच असेल असं नाही, जस्ताचं मिश्रण असू शकतं आणि ते फुगून फुटतं. यापेक्षा जाड प्लॅस्टिकची कडी परवडली. अॅसिटल नावाच्या प्लॅस्टिकचं बक्कल मिळालं तर घ्या, ते कडक आणि चिवट असतं, लावताना 'टक' असा स्वच्छ आवाज येतो. पातळ बक्कल बोटात दाबलं की वाकतं, ते गर्दीच्या एसटीत कुणाचं तरी कोपर लागून उघडणार.

चुंबकाची बक्कलं दिसायला भारी, एका हाताने लागतात. पण रत्नागिरीला मांडवीच्या किनाऱ्यावर गेलात तर तिथली वाळू काळी का ते आठवा, तिच्यात लोहयुक्त खनिजं आहेत. एकदा माझ्या भाच्याने अशी बॅग तिथे वाळूत ठेवली आणि बक्कलाच्या खोबणीत काळ्या कणांची अशी मिशी उगवली की टूथब्रशने काढता काढता संध्याकाळ झाली. कण राहिले की बक्कल पूर्ण बसत नाही, आणि बसल्यासारखं वाटतं. किनाऱ्यावर रोज जाणाऱ्याने साधं दाबायचं बक्कलच घ्यावं.

आतल्या बाजूला हातच न घालणं

बॅग घेताना आपण बाहेरून बघतो. मी आता आधी उलटी करते. आतून जो गुळगुळीत थर लागतो तो बहुतेक वेळा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन असतो, पाणी अडवायला दिलेला. हा थर दमट हवेत आणि उष्णतेत हळूहळू रासायनिकरीत्या तुटत जातो, आधी चिकट होतो, मग वास मारतो, मग पापुद्रे निघून फोनला चिकटतात. वाईट म्हणजे न वापरता कपाटात ठेवलेल्या बॅगेचंही असंच होतं, म्हणून "जपून ठेवलीये, नवीच आहे" हे आपल्याकडे खरं नसतं. दोन-तीन वर्षं दुकानात पडून राहिलेली बॅग सेलमध्ये घेताना आत बोट फिरवा आणि वास घ्या. जरा चिकट लागली की परत ठेवा. नकली लेदरचंही तेच दुखणं, ते बाहेरून सोलवटतं एवढाच फरक.

आतल्या शिवणीच्या कडा पट्टीने बांधलेल्या असाव्यात, उघड्या कडांचे धागे सुटतात आणि ते नेमके चेनमध्ये जातात. पट्टा बॅगेला जोडलेल्या जागी नुसती एक टीप आहे की दाट आडवी-तिडवी बारटॅक शिलाई आहे ते बघा. सगळं ओझं त्या दोन जागांवर असतं. आणि अस्तर फिक्या रंगाचं घ्या, काळ्या अस्तरात काळी किल्ली शोधत फाटकात भिजायला होतं.

वॉटरप्रूफ शब्दावर विसंबणं

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. कापड पाणी अडवतं, पण पाणी शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून येतं. शिवण आतून टेपने बंद केलेली नसेल तर ती बॅग रिमझिमीपुरती. आयपीएक्स७ हा पाणी अडवण्याचा दर्जा लिहिलेला असेल तर त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकते, पण असं बहुतेक स्लिंग बॅगांवर लिहिलेलं नसतंच, नुसतं छत्रीचं चित्र असतं.

मी काय करते, फोन आणि आधार कार्ड यांना आत वेगळं जाड प्लॅस्टिकचं प्रेसबंद पाऊच. बाहेरची बॅग भिजली तरी हरकत नाही, पटकन वाळली पाहिजे. पूर्ण हवाबंद बॅगेत एकदा ओला रुमाल राहिला तर दुसऱ्या दिवशी उघडताना नाक धरावं लागतं, हा त्या बॅगांचा दुसरा तोटा.

मापाचं थोडक्यात: दोन-तीन लिटरची बॅग रोजच्याला पुरते, मोठी घेतली की आपण ती भरतोच आणि मान धरते. ६.७ इंची फोन कव्हरसकट जवळपास १७ सेंटीमीटर लांब होतो, तेव्हा तुमचा स्वतःचा फोन घालून बघा, आणि तोही चेन लावून. पट्टा रेनकोटवरून पुरेल एवढा लांब हवा, हे जूनमध्येच आठवतं. गणपतीत कोकणकन्येच्या नाहीतर तुतारीच्या जनरल डब्यात चढायचं असेल तर बॅग पोटावर फिरवता आली पाहिजे, तेवढं दुकानात करून बघा.

बिघडली तर काय करायचं

चेन जड जातेय: खोबरेल तेल घालू नका, सगळेच घालतात, त्याला धूळ आणि वाळू चिकटून आठ दिवसांत आणखी वाईट होते. कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन दात घासा, रनरवर पांढरा भुगा असेल तर थोडा व्हिनेगर लावून पाच मिनिटांनी धुवा, वाळल्यावर पांढरी मेणबत्ती दातांवरून फिरवा.

रनर पुढे गेला तरी मागे चेन उघडीच राहतेय: चेन बदलायची घाई नको. रनर आतून झिजून सैल झालाय. चेन पूर्ण उघडून रनरची एक बाजू, मग दुसरी, पकडीने अगदी हलकी दाबा, दाबून चालवून बघा, पुन्हा थोडी दाबा. एकदम जोर दिलात तर तुकडा पडतो. नाहीच जमलं तर शिंप्याकडे नुसता रनर बदलून मिळतो, जाताना जुना रनर किंवा त्याच्या मागचा नंबर न्या.

पट्टा आपोआप सैल होतोय: आधी पट्टा बक्कलातून उलटा ओवलेला नाही ना बघा, निम्म्या वेळा तेच असतं. नाहीतर पट्ट्याचं टोक दुमडून दोन टिपा मारून घ्या, निदान पूर्ण निसटणार तरी नाही.

कुबट वास, काळे ठिपके: एक वाटी व्हिनेगर, तीन वाट्या पाणी, अर्धा तास, मग घासून धुवा आणि उलटी करून वाळवा. ठिपक्यांचा डाग कदाचित राहील, वास जातो. दिवसेंदिवस कडक उन्हात मात्र टांगून ठेवू नका, ऊनही धाग्याला खातं.

अस्तर चिकट झालंय: हे दुरुस्त होत नाही. खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून घासलं तर तो थर निघून जातो आणि बॅग वापरता येते, फक्त पाणी अडवणार नाही.

आणि धुणं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून खारं झालेलं कापड कधी पूर्ण वाळत नाही, हात लावला की सर्द लागतं. जेटीवर, बोटीवर, हर्णैच्या मासळी लिलावाला किंवा वाळूत जाऊन आलात तर त्याच रात्री बॅग गोड्या पाण्याच्या बादलीत दोनदा बुचकळायची, चेन उघडी ठेवून, मग पंख्याखाली उलटी टांगायची. वॉशिंग मशीन नको, कोटिंग लवकर जातं. समुद्रावर नाही गेलात तरी पंधरा दिवसांतून एकदा करा, घामातही मीठ असतंच. शिंपीकाकांनी नवा रनर बसवलेली तीच जुनी बॅग मी असं करून आज दुसरा पावसाळा वापरतेय, परवा फेरीवर तिकिटाला पैसे काढताना चेन एका बोटाने उघडली.