हिंगोली-वसमतची हळद बांगलादेशात थेट कशी पाठवावी: शेतकरी कंपन्यांसाठी मार्गदर्शन

हिंगोली, वसमत, नांदेडच्या मोंढ्यात विकलेली हळद पुढे कुठे जाते, हे विकणाऱ्या शेतकऱ्याला सहसा कळत नाही. त्यातला काही माल बांगलादेशात पोहोचतो, पण बहुतेकदा दुसऱ्याच कोणाच्या निर्यात परवान्यावर. खरं तर दार उघडं आहे. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, म्हणजे साफ्टा, २००६ पासून लागू आहे. तरीही दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के आहे. करार सरकारं करतात. माल पिकवणं, तपासणं, बांधणं, सीमेवर पोहोचवणं आणि पैसे वसूल करणं हे मात्र कंपन्यांचं, व्यापाऱ्यांचं आणि बँकांचं काम आहे. ते चोख झालं नाही तर करार कागदावरच राहतो.

खाली वीस टनांच्या एका ट्रकचा, म्हणजे पन्नास किलोच्या चारशे पोत्यांचा हिशेब धरला आहे. पहिली खेप याहून मोठी ठेवू नये.

आधी माल

बांगलादेशात हळदीच्या बाबतीत एक विषय फार नाजूक आहे, तो म्हणजे शिसं. रंग पिवळाधमक दिसावा म्हणून तिथे पॉलिशच्या वेळी लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, टाकलं जात होतं. ते २०१९ मध्ये संशोधकांनी उघडकीस आणलं आणि सरकारने बाजारांवर धाडी घातल्या. तिथल्या मानकात हळद पावडरीतल्या शिशाची मर्यादा २.५ पीपीएम (दहा लाख भागांत २.५ भाग) आहे. आपल्याकडे ती १० पीपीएम आहे. म्हणजे इथे पास झालेला माल तिथे नापास होऊ शकतो. आपल्या पॉलिश ड्रममध्ये कोणताही रंग पडणार नाही, हा नियम कंपनीने सभासदांना आणि पॉलिश करून देणाऱ्यांना लेखी द्यावा. ड्रम भाड्याचा असेल तर आधी कोणाचा माल त्यात फिरला ते विचारावं आणि ड्रम झाडून-पुसून घ्यावा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रत्येक लॉटचं शिसं तपासून घ्यावं आणि अहवालाची भाषा ‘१० च्या आत’ अशी मोघम न ठेवता नेमका आकडा मागावा.

दुसरी गोष्ट ओलावा. हळकुंड दहा टक्क्यांच्या आत वाळलेलं हवं. हातात मोडून ‘कट्’ आवाज येतो का, ही खळ्यावरची परीक्षा ठीक आहे, पण निर्यातीला मीटर लागतो. लॉटमधल्या वेगवेगळ्या पोत्यांतून नमुने घ्या, वरच्याच पोत्यांतून नको. ओलावा जास्त राहिला तर दोन नुकसानं होतात: पावसाळी बंगालात ताडपत्रीखाली बुरशी येते आणि वाटेत माल सुकून वजन घटतं. वजनाची ही घट पुढे बँकेच्या कागदात कशी अडते ते खाली येईलच.

कांडी (बोटासारखी लांब हळकुंडं) आणि गड्डे (गोल कंद) एकत्र पाठवू नयेत. दर वेगळे असतात आणि मिसळलेल्या लॉटवर खरेदीदार हमखास कपात मागतो. जुन्या साठ्यात सिगारेट बीटल ही कीड असते. हळकुंडावर टाचणीएवढी भोकं आणि पोत्याच्या तळाशी पिवळी भुकटी दिसली की तो लॉट बाजूला काढा. धुरी देऊन कीड मरते, भोकं बुजत नाहीत.

नोंदण्या

ही कामं एकदाच करायची आहेत, पण हळद निघायच्या आधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत उरकावीत.

विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात कोड घ्यावा. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती पोर्टलवर पुन्हा खरी करावी लागते, काही बदल नसला तरी. हे विसरलं तर कोड निष्क्रिय होतो आणि ते नेमकं ट्रक सीमेवर उभा असताना कळतं. मसाल्याच्या निर्यातीला मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी वेगळी लागते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना निर्यातीसाठी केंद्रीय स्तरावरचा हवा, राज्याचा चालत नाही. जीएसटी न भरता माल पाठवायचा असेल तर दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे निर्यातीचं हमीपत्र, नव्याने दाखल करावी. मार्चमध्ये करार आणि एप्रिलमध्ये पाठवणी असेल तर नव्या वर्षाची एलयूटी लागते. शेवटी बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) ज्या सीमाशुल्क ठाण्यातून माल जाणार तिथे नोंदवावा. मुंबईच्या बंदरावर नोंदवलेला कोड पेट्रापोलला, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या बांगलादेश सीमेवरच्या ठाण्यात, आपोआप चालेल असं धरू नये.

पेट्रापोलचा कस्टम एजंट याच काळात ठरवा. मराठी येणारा एजंट मिळण्यावर अडून बसू नका. हळदीचं आणि पेट्रापोलचं काम रोज करणारा हवा.

खरेदीदार आणि करार

खरेदीदाराचं नाव मिळालं की त्याचं आयात नोंदणी प्रमाणपत्र, बिन क्रमांक (तिथला व्यवसायाचा कर क्रमांक) आणि बँकेचं नाव मागून घ्या. दोन्ही देशांतल्या व्यापार चेंबरकडे विचारणा करता येते. छत्रपती संभाजीनगरची सीएमआयए आणि मसिआ या संघटना मुख्यतः उद्योगांच्या असल्या तरी चेंबर-ते-चेंबर पत्र त्यांच्यामार्फत जाऊ शकतं. एकट्या शेतकरी कंपनीच्या ईमेलपेक्षा त्या पत्राला उत्तर लवकर येतं.

दर नेहमी किलोवर ठरवा. चट्टग्रामच्या खातुनगंज बाजारात मण म्हणजे ३७.३२ किलो, तर इतर अनेक ठिकाणी ४० किलो धरतात. फोनवर मणाने बोललेल्या दरात या फरकाने साडेसहा-सात टक्के इकडचे तिकडे होतात.

करारात हे ठरलं पाहिजे: कांडी की गड्डे, जास्तीत जास्त ओलावा, तुटलेल्या मालाचं प्रमाण, शिशाची मर्यादा, वजन कुठलं ग्राह्य (आपल्याकडच्या वजनकाट्याचं की बेनापोलचं, म्हणजे पेट्रापोलसमोरच्या बांगलादेशी ठाण्यातलं), आणि वाहतुकीची जबाबदारी कुठे संपते. वजनाची अट बहुतेक जण सोडून देतात आणि मग चारशे पोत्यांमागे दोन-तीन क्विंटलवरून वाद होतो.

आयातदाराने बांगलादेशच्या कृषी विभागाकडून वनस्पती संगरोधाचा आयात परवाना काढलेला असला पाहिजे. त्याची प्रत हाती आल्याशिवाय ट्रक भरू नका. आपलं फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र त्या परवान्यातल्या अटींप्रमाणेच लिहून घ्यावं लागतं.

हंगाम बघा. नवी हळद मार्चपासून मोंढ्यात येते. बांगलादेशात मसाल्याची मागणी रमजानच्या आधी आणि ईद-उल-अजहाच्या आधी वाढते. हे सण दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेवर नियोजन करू नये.

एलसी: पैसे इथेच अडकतात

बांगलादेशातला आयातदार साधारणपणे लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी (ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची त्याच्या बँकेची हमी), उघडतो. व्यवहार बहुतेकदा आशियाई क्लिअरिंग युनियनमार्फत (मध्यवर्ती बँकांची आपसात हिशेब मिटवण्याची व्यवस्था) डॉलरमध्ये मिटतो. जुलै २०२३ पासून रुपयांतही व्यवहाराची सोय झाली आहे, पण खरेदीदाराच्या बँकेत ती आहे का ते आधी विचारावं.

एलसीचा मसुदा उघडण्याआधीच मागा आणि ओळ न् ओळ वाचा. उघडल्यावर दुरुस्ती करायला पैसे आणि आठवडा दोन्ही जातात. बँक माल बघत नाही, कागद बघते. तिथे काय तपासायचं ते असं:

प्रमाण. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार (यूसीपी ६००) एलसीत प्रमाण नुसतं टनांत असेल तर पाच टक्के कमी-जास्त चालतं. पण ते पोत्यांच्या संख्येत लिहिलं की ही सवलत जाते. ‘२० टन’ लिहिलं आणि वाटेतल्या सुकण्यामुळे १९.८ टन भरले तर कागद पास होतात. ‘४०० पोती’ लिहिलं आणि ३९८ भरली तर होत नाहीत. म्हणून एलसीत टनच मागा आणि पोत्यांची संख्या पॅकिंग लिस्टमध्ये दाखवा. जास्त मोकळीक हवी असेल तर प्रमाणाच्या आधी ‘अंदाजे’ या अर्थाचा शब्द घालून घ्या, त्याने दहा टक्के मिळतात.

वाहतुकीचा कागद. माल रस्त्याने जाणार असेल तर एलसीत ट्रक रिसीट मागितलेली हवी. बंदराच्या जुन्या नमुन्यावरून ‘बिल ऑफ लेडिंग’ (जहाजावर माल चढवल्याचा कागद) तसंच राहून गेलं तर तो कागद आपल्याला कधीच मिळणार नाही.

तारखा. माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत द्यायचे असतात, एलसीत वेगळी मुदत नसेल तर. ट्रक सीमेवर रांगेत अडकला की शेवटची पाठवणीची तारीख हुकू शकते, म्हणून अंदाजापेक्षा किमान पंधरा दिवस जास्त मागा.

वर्णन आणि कोड. हळदीचा कोड ०९१०.३०. हे पहिले सहा अंक दोन्ही देशांत सारखेच आहेत, पुढचे वेगळे असू शकतात. इनव्हॉइस, शिपिंग बिल (सीमाशुल्काकडे दाखल केलेला निर्यातीचा कागद), मूळस्थान प्रमाणपत्र (माल भारतातला असल्याचा दाखला) आणि एलसी या चारही ठिकाणी मालाचं वर्णन अक्षरशः एकच ठेवा.

पोत्यांवरची छपाई. आयातदाराचं नाव, पत्ता आणि कर क्रमांक न पुसणाऱ्या शाईने किमान दोन टक्के पोत्यांवर छापण्याची अट एलसीत येते. चारशेत आठ पोती झाली. खर्च नगण्य आहे, म्हणून सगळ्याच पोत्यांवर छापा. ‘भारतात उत्पादित’ हेही त्यावर हवं.

पहिल्या व्यवहारात एलसी आपल्या बँकेकडून कन्फर्म करून घ्यावी, म्हणजे पैशांची हमी तिचीही राहते, किंवा ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा विमा घ्यावा. गेल्या काही वर्षांत बांगलादेशात डॉलरची टंचाई झाली तेव्हा चांगल्या आयातदारांचेही पैसे बँकेतच रखडले होते. उशिराची किंमत आधीच दरात धरा. समजा माल किलोला १४० रुपयांनी घेतला, वीस टनांचे २८ लाख झाले आणि कर्जाचं व्याज बारा टक्के आहे. पैसे साठ दिवस उशिरा आले तर सुमारे ५५ हजार रुपये व्याज जातं, म्हणजे किलोमागे पावणेतीन रुपये. अनेकदा या व्यवहारातला नफाही तेवढाच असतो.

साफ्टाचं प्रमाणपत्र

मूळस्थान प्रमाणपत्र विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवरून मिळतं. त्याआधी बांगलादेशच्या संवेदनशील यादीत (साफ्टाची करसवलत न मिळणाऱ्या मालाच्या यादीत) आपला कोड आहे का, आणि साफ्टाने आयातदाराचा कर खरंच कमी होतो का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. हळद पूर्णपणे इथे पिकलेली असल्याने निकष सोपा आहे. शेतकरी कंपनीला इथे फायदा मिळतो: सभासदांचे सातबारे, पेरणीची नोंद आणि खरेदी पावत्या एका लॉटला जोडून ठेवल्या की उगमाचा पुरावा तयार असतो. बाजारातून गोळा केलेल्या मालात हे जुळवणं कठीण जातं. इनव्हॉइसचा क्रमांक नंतर बदलू नका, प्रमाणपत्र निरुपयोगी होतं.

रस्ता

हिंगोलीहून नागपूर, रायपूर, कोलकातामार्गे पेट्रापोल सुमारे दीड हजार किलोमीटर आहे. धुरी मान्यताप्राप्त संस्थेकडून इथेच करून घ्या आणि धुरीनंतर पोती उघड्यावर ठेवू नका, कीड पुन्हा शिरते. पश्चिम बंगालमध्ये सीमेवर जाण्यासाठी ट्रकचा ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो. तो एजंटने आधी घेतलेला असला तर पेट्रापोलजवळच्या बनगावची प्रतीक्षा खूप कमी होते.

बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांच्यातला मोटार वाहन करार जून २०१५ मध्ये थिंपूला झाला, पण आपला ट्रक थेट ढाक्यापर्यंत जाईल अशी स्थिती अजून नाही. माल बेनापोलच्या यार्डात उतरवून त्यांच्या ट्रकमध्ये भरतात. म्हणजे प्रत्येक पोतं दोनदा जास्त उचललं जातं. पातळ बारदाना इथे फाटतो. नवा ताग वापरा, तोंड दुहेरी शिवा आणि वीस-पंचवीस रिकामी पोती सोबत पाठवा.

बांगलादेशात शुक्रवार-शनिवार बँका आणि सरकारी कार्यालयं बंद असतात, आपल्याकडे रविवार. दोन्हीकडचं काम हमखास चालतं ते सोमवार ते गुरुवार. ट्रक हिंगोलीहून असा सोडा की तो रविवारी रात्री बनगावला पोहोचेल. गुरुवारी संध्याकाळी पोहोचलेला ट्रक तीन दिवसांपर्यंत नुसता उभा राहू शकतो आणि डिटेन्शन, म्हणजे ट्रक थांबल्याचं भाडं, चढतं.

नेपाळ हा सराव म्हणून चांगला बाजार आहे. पैसे रुपयांत मिळतात, रक्सौल-बीरगंज मार्ग सरळ आहे. मात्र तिथली मागणी बांगलादेशाच्या तुलनेत लहान आहे.

एकत्र येण्याची जागा

एक कंपनी वर्षात दोन-चार ट्रक पाठवते आणि तिचं सीमेवर कोणी ऐकत नाही. पाच-सहा कंपन्यांनी मिळून एकच एजंट, एकच प्रयोगशाळा आणि एकच वाहतूकदार ठरवला तर दर खाली येतात, आणि प्रत्येक खेपेची नोंद एका तक्त्यात ठेवता येते: ट्रक कधी पोहोचला, कधी उतरला, कोणत्या कागदासाठी किती तास थांबला, जास्तीचे किती पैसे गेले. वसमतच्या हळद संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी या कंपन्यांनी हंगामानंतर बसून तो तक्ता वाचावा. ‘सीमेवर फार त्रास होतो’ या तक्रारीवर कोणी काही करू शकत नाही. ‘अमुक प्रमाणपत्राच्या पडताळणीला सरासरी इतके तास’ असा तक्ता मसाला मंडळाला, भूमी बंदर प्राधिकरणाला आणि चेंबरमार्फत वाणिज्य मंत्रालयाला पाठवला तर दोन देशांच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो मुद्दा जाऊ शकतो. तक्ता पहिल्या ट्रकपासून भरायला घ्यावा. नंतर आठवून भरलेल्या तारखा शिपिंग बिलाशी जुळत नाहीत आणि अधिकारी तो कागद बाजूला ठेवतात.