भिंत नंतर, आधी टरेट: फॉलआउट ४ मधल्या वस्तीच्या बंदोबस्ताची तयारी

फॉलआउट ४ या अणुयुद्धानंतरच्या जगातल्या व्हिडिओ गेममध्ये वस्ती राखायची असेल, तर कुंपणाची पहिली फळी ठोकण्याआधी वर्कशॉपपाशी, म्हणजे वस्तीतल्या बांधकामाच्या टेबलापाशी, जा आणि तीनच आकडे वाचा: अन्न, पाणी आणि डिफेन्स (बचावाचे गुण). अन्न-पाण्याची बेरीज डिफेन्सपेक्षा जास्त भरली, तर वस्तीवर कुणाचा तरी डोळा आहे असं धरून चाला. हे आकडे पिप-बॉयवरही (मनगटावरच्या संगणकावरही) दिसतात, पण लांबून बघितले की कधीकधी भलतेच असतात. त्यामुळे घाबरायचं की निर्धास्त व्हायचं, ते प्रत्यक्ष वस्तीत उभं राहूनच ठरवा.

हिशेब एकदा तरी कागदावर मांडाच. सँक्चुअरी या सुरुवातीच्या वस्तीच्या नदीत एक इंडस्ट्रियल प्युरिफायर (पाणी शुद्ध करणारं मोठं यंत्र) टाकला की ४० पाणी मिळतं. साधा मशीनगन टरेट (आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक) ५ डिफेन्स देतो, म्हणजे त्या एका प्युरिफायरपायी आठ टरेट आले. पाणी विकून गब्बर व्हायच्या नादात तीन प्युरिफायर लावणाऱ्याला चोवीस टरेट लागतात, आणि हे गणित बहुतेकांना पहिली लूट झाल्यावर सुचतं.

टरेटसाठी पोलाद, गिअर, सर्किट आणि तेल गोळा करा. पोलाद रस्तोरस्ती पडलेलं असतं, अडतं ते तेलापाशी. तेलाला शोधासाठी टॅग लावून ठेवा, म्हणजे भटकताना कुठला डबा उचलायचा ते भिंगाच्या खुणेवरून कळेल. शिवाय हाडं टाकून देऊ नका. केमिस्ट्री स्टेशनवर हाडं, आम्ल, पोलाद आणि शुद्ध पाणी यांतून कटिंग फ्लुइड बनतं आणि ते मोडलं की तेल मिळतं. सांगाड्यांना ओलांडून जाणारा मी आता फासळ्या वेचत फिरतो. तुमच्या पात्राचा करिष्मा हा गुण ६ असेल तर लोकल लीडर हा पर्क (खास कौशल्य) घ्या आणि वस्त्या सप्लाय लाइनने, म्हणजे सामानाच्या सामायिक साठ्याने, जोडा, म्हणजे हे सगळं भंगार पाठीवर वाहायला नको.

आता मुख्य काम: हल्लेखोर कुठून येतात ते शोधा. प्रत्येक वस्तीत त्यांच्या उगवायच्या जागा ठरलेल्या असतात आणि काही ठिकाणी त्यातली एखादी जागा थेट बांधकामाच्या हद्दीत येते. मला हे माहीत नव्हतं. एका वस्तीला तीन संध्याकाळी खपून जंक फेन्स घातली, कोपरा न् कोपरा जुळवला, सगळे टरेट कुंपणाबाहेर मांडले. रेडर, म्हणजे लुटारू, आले ते टॅटोच्या (खेळातल्या एका पिकाच्या) वाफ्यात, कुंपणाच्या आत. बाहेरचे टरेट माझ्याच भिंतीमुळे आंधळे झाले होते. कुंपणाने शेत खाल्लं नाही, पण राखलंही नाही. तेव्हापासून मी पहिला हल्ला मुद्दाम छपरावरून बघतो, ते कुठून निघाले ते लक्षात ठेवतो आणि मगच टरेट कायमचे लावतो. छपरावर किंवा उंच माचीवर, दोन-दोन असे, एकाचा मारा दुसऱ्याच्या पायथ्यापर्यंत पोचेल अशा बेताने. सुपर म्युटंट या राक्षसी शत्रूंतला मिनी न्यूक (छोटा अणुबाँब) घेऊन धावणारा आत्मघातकी लांबवरच टिपायला हवा. त्याची टिकटिक जवळून ऐकू आली तर पळा.

भिंतीचा उपयोग एवढाच की शत्रू तुम्हाला हव्या त्या वाटेने येतो. हँगमन्स ॲली या वस्तीसारख्या चिंचोळ्या जागेत आयत्या इमारती असतात, तिथे तोंडं राखली की झालं. द कॅसल ही वस्ती म्हणजे बॉस्टनचा खराखुरा पंचकोनी फोर्ट इंडिपेंडन्स. खेळात त्याच्या तटाला भगदाडं पडलेली आहेत, तेव्हा तिथे आधी भगदाडांसमोर टरेट आणि मग सजावट.

विजेवर चालणारे टरेट लावणार असाल तर जनरेटर लपवा. लहान जनरेटर ३, मध्यम ५ आणि मोठा १० वीज देतो. मोठा एकच उघड्यावर ठेवला आणि तोच फुटला, की सगळा बंदोबस्त अंधारात. म्हणून प्रवेशाजवळचे टरेट बिनविजेचे साधे मशीनगनचेच ठेवा.

माणसांचं थोडक्यात. गार्ड पोस्टचे (पहाऱ्याच्या चौकीचे) डिफेन्सचे २ गुण मिळतात आणि एक सेटलर (वस्तीतला रहिवासी) तीन पोस्ट सांभाळतो, पण पोस्टवर माणूस नेमल्याशिवाय ती नुसती लाकडं. पहारेकऱ्यांना एकसारखी टोपी घाला, नाहीतर शेतकरी कोण आणि पहारेकरी कोण हे शोधत बसाल. हातात बरी बंदूक द्या आणि ती वापरायला लावा, नुसती खिशात टाकून भागत नाही. साध्या बंदुकीसोबत त्याच जातीची एक गोळी दिली तरी पुरते, ती संपत नाही. आणि वस्तीत पॉवर आर्मर, म्हणजे यांत्रिक चिलखत, उभं केलं असेल तर त्याची बॅटरी, फ्युजन कोअर, काढून घ्या. गोळीबार सुरू झाला की एखादा सेटलर बिनदिक्कत त्यात शिरतो आणि मग तुमचं चिलखत गाजराच्या वाफ्यावर खुरपणी करताना दिसतं.

हल्ल्याचा निरोप आला की सेव्ह करा आणि जा. डिफेन्स १०० च्या वर नेऊनही मी गेलो नाही तेव्हा मोडलेला पंप आणि तुडवलेली पिकं पाहिली आहेत, कारण तुमच्या गैरहजेरीत निकाल पडद्यामागे फाशावर लागतो. सर्व्हायव्हल या सर्वांत अवघड पातळीवर फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून झटक्यात पोचणं) नाही, म्हणून तिथे वस्त्या थोड्या आणि जवळजवळ ठेवा. वस्त्यांच्या मदतीची कामं सांगणारा प्रेस्टन गार्वी आणखी एका वस्तीची खबर घेऊन आला तर त्याच्याशी बोलणं आठवडाभर टाळा.

लढाई संपली की आधी जनरेटर आणि पंप दुरुस्त करा, मग प्रेतं तपासा. पहिलं प्रेत जिथे पडलंय तिथपर्यंत चालत जा, वळून वस्तीकडे बघा आणि तिथून जो टरेट दिसत नाही तो हलवा.