ब्रेक पॅडचा दिवा लागल्यावर या चुका टाळा

पहिली चूक दिवा ओळखण्यातच होते. वर्तुळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुटक कंस असे चिन्ह पिवळ्या किंवा नारिंगी रंगात दिसले, तर ती सहसा पॅड (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे तुकडे) झिजल्याची सूचना असते. वर्तुळात उद्गारचिन्ह असेल आणि रंग लाल असेल, तर मामला वेगळा आहे: बहुतेक वेळा हँडब्रेक पूर्ण सुटलेला नसतो किंवा ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली असते. हँडब्रेक सोडूनही लाल दिवा जात नसेल आणि ब्रेकचे पॅडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, तर गाडी सुरक्षित जागी उभी करून टो करून न्यावी. पिवळ्या दिव्याला घाबरून भर रस्त्यात थांबण्याचे कारण नाही. वेग आवरता ठेवून आणि पुढच्या गाडीपासून जास्त अंतर राखून घरी पोहोचावे आणि पुढच्या काही दिवसांत पॅड तपासून घ्यावेत. ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर ऐकू येत असेल, तर मात्र ही सवलत संपलेली असते.

या दिव्यामागची यंत्रणा अगदी साधी आहे. पॅडच्या घासणाऱ्या थरात ठरावीक खोलीवर एका बारीक वायरचे टोक बसवलेले असते. पॅड तिथपर्यंत झिजला की ते टोक फिरत्या डिस्कला टेकते किंवा घासून तुटते आणि दिवा लागतो. नव्या पॅडचा हा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो आणि तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलणे शहाणपणाचे असते. म्हणजे हा दिवा जाडी मोजत नाही, एका पॅडमधल्या एका वायरची अवस्था तेवढी सांगतो.

म्हणूनच ‘दिवा लागला नाही, म्हणजे पॅड चांगले आहेत’ हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. अनेक गाड्यांत पुढच्या दोन चाकांपैकी एकालाच हा वायरचा सेन्सर असतो, मागेही तसेच; साध्या गाड्यांत तर तो मुळीच नसतो, तिथे पॅडला लावलेली पत्र्याची पट्टी डिस्कला घासून किंचाळते आणि तेवढाच इशारा मिळतो. माझ्या स्वतःच्या गाडीचे पुढचे चाक एकदा पंक्चरसाठी काढले, तेव्हा बाहेरचा पॅड चांगला ५ मिलिमीटर शिल्लक दिसत होता. सहज म्हणून बॅटरीच्या उजेडात आत डोकावलो, तर आतल्या पॅडचा थर जवळजवळ संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कला भिडायच्या बेतात होती. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची स्लाइड पिन, म्हणजे ज्यावर तो मागेपुढे सरकतो ती पिन, गंजून अडकली होती, त्यामुळे सगळा दाब आतल्याच पॅडवर येत होता, आणि सेन्सर होता दुसऱ्या बाजूच्या पुढच्या चाकात. तेव्हापासून चाक निघाले की दोन्ही पॅड पाहिल्याशिवाय मी ते परत बसवू देत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे लाल दिवा दिसताच बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत ऑइल ओतून मोकळे होणे. पॅड झिजतात तसा कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागे झालेली जागा ऑइल भरून काढते आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. गळती नसतानाही पातळी खाली जाते ती यामुळे. अशा वेळी वरून ऑइल भरले की दिवा विझतो, पण झिजलेले पॅड तसेच राहतात. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की तेच जादा ऑइल डबीतून उतू जाते आणि जिथे सांडेल तिथला रंग खाते. पातळी अचानक उतरली असेल, तर चाकांच्या आतली बाजू आणि पाइपचे सांधे ओले आहेत का ते आधी पाहावे. ऑइल घालायचेच झाले, तर झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच घालावे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकोलचे असतात, तर डॉट ५ सिलिकोनचे. नाव सारखे वाटले तरी डॉट ५ इतरांत मिसळत नाही.

पॅड बदलूनही दिवा लागलेलाच राहतो, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. एकदा घासलेला सेन्सर पुन्हा उपयोगाचा नसतो, तरी तोच नव्या पॅडवर चढवला जातो. काही गाड्यांत नवा सेन्सर बसवल्यावर मीटरमधून रीसेटही करावे लागते. एवढे करूनही दिवा राहिला, तर चाकाजवळचा कनेक्टर उघडून आत गंज किंवा पाणी आहे का आणि वायर टायरला घासते आहे का, ते तपासावे. सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना जोडून दिवा विझवण्याची क्लृप्ती काही जण सुचवतात. ती केली की पुढच्या वेळी झीज सांगणारे कोणीच उरत नाही.

पॅड बदलताना एकाच चाकाचे बदलू नयेत, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीत मागचा पिस्टन, गाडी सर्व्हिस मोडमध्ये (ब्रेकच्या कामासाठी हँडब्रेकची मोटर मागे घेणारी सेटिंग) न टाकता, जोर लावून दाबला, तर आतली मोटर किंवा गिअर बिघडू शकतो. कॅलिपर काढून रबरी होजवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. डिस्क त्याखाली गेली असेल, तर नव्या पॅडचा खर्च वाया जातो. सगळे बसवून झाले की गाडी हलवण्याआधी पॅडल कडक लागेपर्यंत अनेकदा दाबावे, कारण मागे दाबलेला पिस्टन पॅडपर्यंत परत येईपर्यंत पहिल्या एक-दोन दाबांत ब्रेक लागतच नाही. मग रिकाम्या रस्त्यावर आठ-दहा वेळा मध्यम वेगावरून हळूहळू गाडी आवरती घ्यावी आणि पहिले काही दिवस जोरात ब्रेक मारणे टाळावे, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतात.