घरी बनवलेला प्रोटीन स्किमर: या चुका टाळा

प्रोटीन स्किमर म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतली सेंद्रिय घाण बुडबुड्यांच्या फेसात पकडून बाहेर काढणारं यंत्र: उभं नळकांडं, वर त्याची अरुंद मान आणि मानेवर फेस जमा करणारा कप. घरी बनवलेला स्किमर नीट चालेनासा झाला की पहिला संशय बुडबुड्यांवर जातो. मग पंप बदला, एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र तुकडा) बदला, हवेची नळी जाड करा, असं सुरू होतं. माझं मत स्पष्ट आहे: खोट बहुतेक वेळा आत येणाऱ्या हवेत नसते, बाहेर जाणाऱ्या पाण्यात असते. स्किमरच्या नळकांड्यात पाण्याची पातळी एका जागी टिकली, तर साधा पंपसुद्धा घट्ट, तपकिरी फेस काढून देतो. ती टिकली नाही, तर कितीही भारी पंप लावा, कपात नुसतं खारं पाणीच जमतं.

गोड्या पाण्यात फेसाची चाचणी

नळाच्या पाण्यात स्किमर लावून बघायचा आणि फेस येत नाही म्हणून तो पुन्हा मोडायचा, हे बरेच जण करतात. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि वर येताच फुटतात. समुद्री पाण्यातल्या क्षारांमुळे ते वेगळे आणि बारीक, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान राहतात. पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाणी टाळतं, म्हणून ते बुडबुड्याच्या कडेला जाऊन बसतात. बुडबुडे जितके बारीक, तितकी ही कड जास्त. गोड्या पाण्यात तपासायची ती फक्त गळती: स्किमर कोऱ्या कागदावर ठेवून काठोकाठ भरा आणि रात्रभर तसाच राहू द्या.

बाहेर जाणारा पाईप

सगळ्यात जास्त डोकं इथे लावा. आत येणारा आणि बाहेर जाणारा पाईप एकाच मापाचे घेतले, तर पंपाने ढकललेलं पाणी नुसत्या उताराच्या जोरावर तेवढ्याच वेगाने निघत नाही आणि पातळी मानेत चढते. बाहेरचा पाईप ऐसपैस घ्या. आतला 20 मिमीचा असेल, तर बाहेरचा 32 मिमीचा घेतलेला बरा.

दुसरी चूक पटकन लक्षात येत नाही. पाणी आधी वर चढून मग वळून खाली सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) पडत असेल आणि त्या वळणावर साधा एल्बो बसवला असेल, तर खाली उतरणारा पाईप पूर्ण भरतो आणि सायफन लागतो. तो नळकांड्यातलं पाणी खेचून घेतो, पातळी कोसळते, मग हवा शिरून सायफन तुटतो आणि पातळी पुन्हा चढते. पाईपमधून थांबून थांबून गुळगुळ आवाज येत असेल आणि नळकांड्यातलं पाणी श्वास घेतल्यासारखं वरखाली होत असेल, तर पंप तपासत बसू नका. एल्बो काढून तिथे टी (तीन तोंडांचा जोड) बसवा आणि तिचं वरचं तोंड उघडं ठेवा. ते तोंड मानेच्या तळापेक्षा उंच असलं पाहिजे.

पातळी जुळवायला बॉल व्हॉल्व्ह नको. तो केसभर फिरवला तरी पातळी बोटभर सरकते. गेट व्हॉल्व्ह हळूहळू बंद होतो, म्हणून तोच घ्या आणि बाहेरच्या पाईपवरच लावा. पाणी आणि फेस यांची सीमारेषा मानेच्या तळाशी आली की हात काढून घ्या.

सम्पमधली हलती पातळी

स्किमर सम्पमध्ये उभा असेल, तर बाहेरच्या पाण्याची उंची थेट आतल्या पातळीवर परिणाम करते. बाष्पीभवनाने पाणी उतरतं ते रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी वर टाकीत परत पाठवणाऱ्या पंपाच्या कप्प्यात. स्किमर त्याच कप्प्यात ठेवला, तर सकाळी फेस ओला आणि संध्याकाळी गायब, हा खेळ रोज चालतो. आडव्या पट्टीमुळे पाण्याची उंची जिथे कायम राहते, अशा कप्प्यात तो ठेवा. वीज जाऊन परत आल्यावर स्किमर उतू जाण्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं: टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरलेलं असतं आणि स्किमर त्या चढलेल्या पातळीत सुरू होतो.

पहिल्याच दिवशी छेडछाड

नव्या ॲक्रिलिकवर आणि पीव्हीसीवर तेलकट अंश असतो, जोडांत सोल्व्हंट सिमेंटचा अंश उरलेला असतो. त्यामुळे सुरुवातीला फेस एकतर येतच नाही, नाहीतर वेड्यासारखा येतो. स्थिर व्हायला काही दिवसांपासून दोनेक आठवडे लागतात. तोवर पातळी खालीच ठेवा. जुन्या स्किमरमध्ये फेस अचानक बसला, तर आधी आठवा: नुकतं खाणं टाकलंय का, पाण्यात हात घातलाय का? तेलाचा तवंग फेस मोडतो आणि काही तासांत फेस आपोआप परत येतो. उलट कोरल (प्रवाळ) चिकटवायची इपॉक्सी पुट्टी किंवा पाण्यातलं औषध यांनी फेस उसळतो. अशा वेळी व्हॉल्व्हला हात न लावता कप थोडा वर उचलून ठेवा.

सामान आणि जोड

पितळी किंवा तांब्याचा एकही तुकडा पाण्यात नको. तांबं कोरल, कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. स्क्रू नायलॉनचे घ्या. सिलिकॉन ॲक्रिलिकला नीट धरत नाही, तिथे ॲक्रिलिकचं सोल्व्हंटच हवं. ॲक्रिलिक स्पिरिटने पुसू नका, त्याला बारीक तडे जातात. आणि पंप कायमचा चिकटवू नका, युनियन (फिरवून सोडवता येणारा जोड) लावा. हा माझा हट्टच आहे, कारण क्षार साचल्यावर तो व्हिनेगरच्या पाण्यात धुवायला काढावाच लागतो.

हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचतं आणि बुडबुडे हळूहळू कमी होतात. अधूनमधून नळीतून थोडं कोमट गोडं पाणी ओढू द्या. नळीचं तोंड नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर बांधा, नाहीतर पंप थांबला की तिच्यातूनच पाणी जमिनीवर येईल. लाकडी एअर स्टोन वापरत असाल, तर तो काही आठवड्यांत बदलायचाच असतो. मानेच्या आतला चिकट थर दर दोनतीन दिवसांनी पुसा, नाहीतर फेस तिथेच अडतो.

आपोआप पाणी भरणारी यंत्रणा

स्किमर आणि ही यंत्रणा, सर्वात घातक जोडी हीच. स्किमर उतू जाऊन खारं पाणी बाहेर जातं, सम्पची पातळी उतरते आणि यंत्रणा त्या जागी गोडं पाणी भरत राहते. समुद्री पाण्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे 10 लिटर वाहून गेले की 350 ग्रॅम मीठ गेलं. लहान टाकीत एवढ्याने कोरल मिटतात. कपाला नळी जोडून ती बंद डब्यात सोडा, डब्यात तरंगता स्विच लावा आणि डबा भरला की स्किमरचा पंप बंद पडेल अशी जोडणी करा. मुद्दाम ओला फेस काढत असाल, तर रिफ्रॅक्टोमीटरने आठवड्यातून एकदा तरी खारेपणा मोजा आणि कमी झालेलं मीठ खाऱ्या पाण्यातूनच, थोडं थोडं करून परत द्या.