टाकी आणि काटा: जुनी गाडी पुन्हा चालती करताना या चुका टाळा

दसरा जवळ आला की मला फोन सुरू होतात. थंडीतल्या जुन्या गाड्यांच्या रॅलीसाठी गाडी तयार करायची असते. रंग झालेला असतो, क्रोम बसलेलं असतं, सीटांना नवं रेक्झिन लागलेलं असतं, आणि तक्रार ठरलेली असते: "पेट्रोलचा काटा हलत नाही", नाहीतर "पाच-दहा किलोमीटर गेलं की बंद पडते". मी पहिला प्रश्न विचारतो, टाकी उतरवली होती का? "ती शेवटी बघू म्हटलं," असं उत्तर बहुतेक वेळा येतं.

पहिली चूक हीच. टाकीचं काम सगळ्यात आधी करायचं. दहा-पंधरा वर्षं शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत तळाला काळपट डिंकासारखा थर असतो आणि त्याखाली गंज. तुम्ही कार्बोरेटर उघडून, जेट फुंकून, नवं किट घालून बसवता आणि त्याच टाकीतलं पेट्रोल त्यात सोडता. आठवड्याभरात फ्लोट चेंबरमध्ये तांबूस भुकटी साठते आणि कार्बोरेटर पुन्हा उघडावा लागतो. मी स्वतः बॉडीला हात लावायच्या आधी टाकी खाली घेतो. रंग झाल्यावर टाकी काढायला गेलं की नव्या रंगावर ओरखडा येतोच, त्यामुळे मग ती काढायचीच टाळली जाते.

युनिटवर युनिट बदलणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण यात सगळ्यात जास्त पैसे वाया जाताना पाहिलेत.

दोन वर्षांपूर्वी एक तरुण अँबॅसडर घेऊन आला. काटा शून्यावर. त्याने टाकीचं युनिट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटच्या दांडीवरून पातळी काट्याला कळवणारा भाग, बदललं होतं, तीन वेळा. पहिलं स्थानिक दुकानातलं, दुसरं ऑनलाइन मागवलेलं, तिसरं जुन्या बाजारातून शोधून आणलेलं खरं जुनं. मग डॅशबोर्ड उघडून काट्याचं गेजही बदललं. तरी काटा जागचा हलला नाही. आता सगळं वायरिंग नवीन करून घ्यावं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

मी गाडीखाली वाकलो. टाकी सुंदर काळी, पावडर कोटिंग केलेली. बॉडी आणि टाकीच्या मध्ये जाड रबरी पट्ट्या. टाकी बांधणारे पट्टेही कोटिंग केलेले. युनिटखाली नवं रबरी गॅस्केट. सगळं काम इतकं नीट केलेलं, की टाकीचं लोखंड गाडीच्या लोखंडाला कुठेच टेकत नव्हतं. जुन्या गाडीत गेजकडून युनिटला एकच वायर येते, परतीचा रस्ता म्हणजे टाकीचा पत्रा. तो रस्ता रंगाने आणि रबराने बंद झाला होता. एका शब्दात, अर्थिंग नव्हतं.

मी एक लांब वायर घेतली. तिचं एक टोक क्लिपने युनिटच्या फ्लँजच्या, म्हणजे टाकीवर बसणाऱ्या चकतीच्या, स्क्रूला लावलं, दुसरं टाकीपासून लांब, बॉडीच्या एका उघड्या बोल्टला टेकवलं. याच क्रमाने करा. ठिणगी पडलीच तर ती बॉडीच्या टोकाला पडते, पेट्रोलच्या वाफेजवळ पडत नाही. तो मुलगा आत बसला होता. आठ-दहा सेकंद शांतता, मग आतून आवाज आला, "काका, चढतोय!" काटा सावकाश पाव टाकीवर येऊन थांबला. तीन युनिटं, एक गेज आणि दोन महिने गेले होते, इलाज निघाला हातभर वायर.

म्हणून प्रत्येक गाडीला मी टाकीसाठी वेगळी काळी वायर देतो, दीड स्क्वेअर एमएमची. दोन्ही टोकांना रिंग लग, बॉडीच्या जागी रंग खरवडून चकाकतं लोखंड, त्यावर दातेरी वॉशर, आणि घट्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचं बोट. मूळ गाडीत अशी वायर नव्हती म्हणून काही जण नाक मुरडतात. मूळ गाडीत पावडर कोटिंगही नव्हतं.

कुठला काटा, कुठलं युनिट

चावी फिरवल्यावर काट्याकडे बघा. टणकन उडी मारून जागेवर गेला, तर आत चुंबकाची कॉइल आहे. सावकाश, दमादमाने चढला, तर आत तापणारी दोन धातूंची पट्टी आहे. हे कळल्याशिवाय तपासणी सुरूच करू नका, कारण दोघांची वागणूक उलट असते. पट्टीवाल्या गेजची युनिटकडची वायर काढली की काटा रिकाम्यावर राहतो आणि तीच वायर बॉडीला टेकवली की भरलेल्याकडे जातो. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या कॉइलवाल्या गेजमध्ये वायर सुटली की काटा भरलेल्यावर जातो आणि बॉडीला टेकवली की रिकाम्यावर. हे माहीत नसलेला माणूस चांगलं गेज भंगारात टाकतो.

गेज एका जातीचं आणि युनिट दुसऱ्या जातीचं लागलं की काटा उलटा चालतो, नाहीतर अर्ध्यावर अडकतो. अँबॅसडर मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून आली आणि 2014 पर्यंत बनत राहिली. इतक्या वर्षांचे सुटे भाग बाजारात एकाच टोपलीत मिसळलेले असतात. दुकानदार "सगळ्याला चालतं" म्हणाला तरी मल्टिमीटरने युनिटचा रोध (ओहम) मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशी गाड्यांमध्ये तर आकडेच वेगळे. साठच्या दशकाच्या मध्यानंतरच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत रिकामी टाकी 0 ओहम आणि भरलेली 90, जुन्या फोर्डमध्ये रिकामी 73 आणि भरलेली 10 च्या आसपास, व्हीडीओ या जर्मन कंपनीच्या बऱ्याच युनिटांत 10 ते 180. दांडी हाताने वर-खाली करायची आणि मीटरवरचा आकडा सलग सरकतो का ते बघायचं. मध्येच उडाला, तर आतली तार तिथे झिजली आहे.

पेट्रोलचा आणि पाण्याच्या तापमानाचा, दोन्ही काटे एकदम चुकीचं दाखवायला लागले, तर टाकीकडे जाऊच नका. स्मिथ्सच्या पट्टीवाल्या गेजांमागे एक छोटा पत्र्याचा डबा असतो, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तो सरासरी 10 व्होल्ट देतो. त्याचं अर्थिंग ढिलं झालं किंवा आतले पॉइंट चिकटले की दोन्ही काटे गरजेपेक्षा वर जातात.

आणि युनिटच्या टर्मिनलला थेट बॅटरीचे 12 व्होल्ट कधीच देऊ नका. बारीक तार जळते, तीही पेट्रोलच्या वाफेत.

ओलं फडकं

हे माझं दुसरं दुखणं. आपल्याकडे फियाट किंवा अँबॅसडर उन्हात थांबली की बॉनेटखालच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, ही पिढीजात रीत आहे. रीत चुकीची नाही. पंप तापून पाइपात पेट्रोलची वाफ झाली, तर फडक्याने ती निवते. पण प्रत्येक बंद पडण्याला हेच औषध म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एका मे महिन्यात आम्ही पुण्याहून साताऱ्याकडे निघालो होतो, मित्राची फियाट पुढे. खंबाटकी चढताना ती थांबली. बॉनेट उघडलं, फडकं टाकलं, वीस मिनिटं थांबलो, सुरू झाली. दोन वळणं झाली आणि पुन्हा बंद. पुन्हा फडकं, पुन्हा पाणी. मागे ट्रकांची रांग आणि हॉर्न. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मी बॉनेटकडे न जाता मागे गेलो आणि टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली, स्पष्ट ऐकू येईल इतकी. गाडी दोन सेल्फमध्ये सुरू झाली. झाकण सैल ठेवून, वरून फडकं बांधून वाईपर्यंत गेलो, पुढे एकदाही थांबली नाही.

घरी येऊन टाकी उतरवली. हवेच्या बारीक नळीत मास्किंग टेपची गोळी होती, घट्ट वळून कोंबलेली, तिच्या तोंडावर गाडीचाच क्रीम रंग. फवारा आत जाऊ नये म्हणून पेंटरने लावली आणि काढायची राहून गेली. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा टाकीत आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. वीस मिनिटं थांबल्यावर कुठूनतरी थोडी हवा शिरत होती आणि श्रेय फडक्याला जात होतं.

तेव्हापासून टाकी बसवण्याआधी मी हवेच्या नळीत तोंडाने फुंकतो, पण टाकी धुऊन वाळलेली असेल तेव्हाच. काही गाड्या झाकणातून श्वास घेतात. तिथे बिनभोकाचं चकचकीत चावीवालं झाकण लावलं की हाच प्रकार होतो.

गंजावर लेप

टाकीच्या आतून लावायचा लेप बाजारात मिळतो आणि घाईतल्या माणसाला तो फार आवडतो, कारण ओतला, हलवला, झालं. गंज नीट न काढता लावलेला लेप पुढे पापुद्र्याने सुटतो आणि ते पापुद्रे पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर जाऊन बसतात. मग गाडी मोकळी चालते आणि जोर दिला की मरते. सुटलेला लेप काढणं गंज काढण्याच्या कितीतरी पट कठीण आहे.

माझी पद्धत संथ आहे. युनिट काढून टाकी साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवायची. मग वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते सायट्रिक ॲसिड गरम पाण्यात घालून टाकी काठोकाठ भरायची आणि एक-दोन दिवस ठेवायची. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून लगेच गरम हवेने वाळवायची, नाहीतर तासाभरात नवा तांबूस गंज धरतो. पत्रा धड असेल तर मी लेप लावतच नाही.

पत्र्याला भोक असेल तर नाक्यावरच्या वेल्डरकडे टाकी नेऊ नका. "रिकामीच आहे" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीत नेमकं हेच मिश्रण सहज तयार होतं. वास येत नाही हा पुरावा नाही, शिवणींमध्ये पेट्रोल महिनोन्महिने दडून राहतं. हे काम वाफेने टाकी धुऊन घेणाऱ्या आणि टाक्यांचंच काम करणाऱ्या कारागिराकडेच द्या, चार दिवस जास्त लागले तरी चालतील. रस्त्यात गळती लागली तर वरून साबणाची वडी घासा, बहुतेक घरापर्यंत पोचाल. त्याच साबणावर वर्षभर गाडी चालवणारे लोक मी पाहिलेत, ते करू नका.

रबरी पाइप न विचारता बदला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. पितळी फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोलचा डुबुक आवाज आला तर त्याला भोक आहे. बुचाचा फ्लोट असेल तर त्याची चपडी (लाखेचा लेप) इथेनॉलमध्ये विरघळते, तो बदलाच. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा. मोकळ्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं, ते इथेनॉल शोषून घेतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून तळाशी वेगळे होतात.

एवढं सगळं झाल्यावर काटा खरा बोलतो का हे बघायला मी बांबूची चपटी काठी वापरतो. गाडी सपाट जागी उभी करायची, रिकाम्या टाकीत 5 लिटर मोजून ओतायचं, चावी लावून अर्धा मिनिट थांबायचं, काटा कुठे आला ते वहीत लिहायचं आणि काठी तळापर्यंत बुडवून ओल्या रेषेवर चाकूने खाच पाडायची. मग पुढचे 5 लिटर. ज्या गाडीच्या तोंडातून काठी सरळ तळाला जात नाही, तिथे नुसती वही ठेवतो. टाकीत जेमतेम 5 लिटर असताना काटा पावावर दिसत असेल तर युनिट बाहेर काढून फ्लोटची दांडी किंचित वाकवायची आणि पहिल्या 5 लिटरपासून पुन्हा मोजायचं. माझ्या अँबॅसडरला हे चार वेळा करावं लागलं, एक अख्खा रविवार गेला. ती काठी अजून डिकीत असते.